चोरांच्या पानावर ह्यांचं नाव

आमच्या फौंड्रीला, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याला, माझ्या यजमानांचंच नाव आहे. ते गेले आणि दिवसकार्य उरकायच्या आतच ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बंद पडले. इंटरनेटवरून आत शिरलेल्या चोरांनी गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज आणि कामगारांची आधार कार्डं नेली होती. पैसे द्या, नाहीतर सगळं जगासमोर टाकतो, एवढाच मजकूर पडद्यावर होता.

पुढं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यानं इंटरनेटवरचं त्या चोरांचं पान दाखवलं. लुटलेल्या कंपन्यांची नावं तिथं टांगलेली, प्रत्येकापुढं पैसे द्यायची मुदत मोजत उलटं चालणारं घड्याळ. परदेशी दवाखाने, कसल्याकसल्या बँका, आणि त्यांच्यामध्ये ह्यांचं नाव. मला रडू आलं नाही, राग आला. ते गेल्यापासून पहिल्यांदाच अंगात काहीतरी हललं.

दीर म्हणाले, "वैनी, देऊन मिटवूया की. दादाचं नाव चव्हाट्यावर आलंय."

"तुमच्या दादांनी चोरी केलीय का, भाऊजी?"

"तसं न्हाय हो. पण गिऱ्हाईक पळंल की!"

"पळू दे. पण त्यांना आपल्या तोंडून कळू दे."

आमच्याकडं कुणी गेलं की तालमीपुढच्या फळ्यावर खडूनं लिहितात. ह्यांच्या निधनाची बातमी अजून कुणी पुसली नव्हती. तिच्याखाली मी माझ्या हातानं लिहिलं: 'वरील नावाच्या कारखान्यातून कागदपत्रं चोरीला गेली आहेत. बँकेच्या नावानं फोन आला तर काही सांगू नये. पोलिसांत तक्रार दिली आहे. चोरांना एक पैसाही मिळणार नाही.' मग घरी येऊन एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला.

संध्याकाळी फळ्यापुढं गर्दी जमली. मी गेले, तर आमचा मोल्डिंगचा मिस्त्री पुढं आला.

"वैनीसाहेब, माझं आधार कार्डबी गेलं म्हणायचं?"

"गेलं."

"जाऊ द्या. त्यातला माझा फोटो बघून चोरच आजारी पडतील."

सगळे हसले. ह्यांच्या बातमीपुढं उभी राहून मीही हसले.

मुदत संपली तशी चोरांनी कागदपत्रं इंटरनेटवर उघड्यावर टाकली. कागलच्या एका पंप बनवणाऱ्या गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं, ते लागलं. बाकीचे राहिले. त्या पानावर नाव अजून आहे. दीर मधूनच विचारतात, काही देऊन काढून घेता येईल का. मी नाही म्हणते. ह्यांनी ते नाव उजळ माथ्यानं वापरलं. ते पुसून घ्यायला मी चोराच्या दारात जाणार नाही.