पॅरिया म्हणजे वाजवणारा

"ऊठ. तू सांग अर्थ. तुमच्याच घरातला शब्द आहे हा."

औरंगाबादेत एम.ए. इंग्रजीचा वर्ग. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'पॅरिया'. मी उठले. अर्थ ठाऊक नव्हता. "वाळीत टाकलेला," सरच म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. तास संपेपर्यंत त्यांनी मला बसू दिलं नाही. ते हसणं मानगुटीवर बसलं. जेवताना ऐकू यायचं, वेणी घालताना ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन सगळ्यांत जाडा शब्दकोश काढला. अर्थाखाली बारीक अक्षरांत शब्दाचं मूळ दिलेलं. तमिळ. परै म्हणजे डफासारखं वाद्य. ते वाजवणारे ते परैयर. सणाला, मयताला वाजवणारी जात. इंग्रज साहेबानं त्या जातीचं नाव उचललं आणि जगातल्या प्रत्येक हाकललेल्या माणसाला चिकटवलं. वाद्य कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

माझा बाप सिल्लोडकडच्या गावात हलगी वाजवतो. मी त्या शब्दकोशावर डोकं टेकून रडले. रागानं.

रविवारी बाबा वसतिगृहावर आले. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजी तिकडंबी वाजवणारीच मानसं?"

"व्हय, बाबा."

बराच वेळ ते गुडघ्यावर बोटं वाजवत राहिले. "मंग नावाची शिवी कुणी केली, माय?"

त्यांचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला.

महिन्याभरानं सरांनी खोलीत बोलावलं. त्यांच्या मुलाचं लग्न होतं. आमच्याकडं वाजवायला बोलवायचं तर सुपारी देतात. ती हातात घेतली की शब्द दिला, मोडता येत नाही. सरांनी सुपारी माझ्या तळहातावर वरून टाकली. बोट लागू नये म्हणून.

"बापाला दे. वरातीला अस्सल हलगी पाहिजे. जेवायची सोय मांडवाबाहेर करू."

तोंडी परीक्षा तेच घेणार होते. मी सुपारी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"नाही, सर. बाबा येणार नाहीत."

"त्याला न विचारताच?"

"विचारलं तर ते येतील. म्हणूनच विचारणार नाही."

तोंडीला मी नापास झाले. पुढच्या वर्षी पुन्हा बसले, पास झाले. आज तो शब्द मीच शिकवते. आधी वाद्य सांगते, मग ते वाजवणारी माणसं, मग त्यांच्या नावाची शिवी करणारे. तिथं आले की पुढच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. होऊ दे. मी थांबत नाही.