शेळी, मालतीबाई आणि माझं वाचन

चहा घ्या आधी, निवतोय. आणि घोट जरा बेताने घ्या, कारण मी जे सांगणार आहे ते ऐकताना ठसका लागतो. भर हॉलमध्ये धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कधी वाटलंय तुम्हाला? मला वाटलंय. आणि धरणी ऐकत नाही हो अशा वेळी!

तर झालं असं. माझा सगळा जन्म लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या व्यापारात गेला. धंदा आवरला आणि नाशकात मुलाकडे राहायला आलो. माझी सून मुग्धा, पोरगी गुणाची, पण पुस्तकवेडी! घरात तिचा नियम असा, की संध्याकाळचा चहा झाला की मोबाइल टोपलीत आणि प्रत्येकाच्या हातात पुस्तक. शिवाय रात्री जेवताना ज्याने त्याने सांगायचं, काय वाचलं आणि ते वाचून काय वाटलं.

आता मला सांगा, ज्या माणसाने बाजारभावापलीकडे काही वाचलं नाही त्याने काय करावं? पहिल्याच पानावर माझा डोळा लागायचा. पण सुनेपुढे हार मानायची? छे!

मग मी माझी जुनी विद्या बाहेर काढली. लिलावात कांद्याची ट्रॉली समोर आली की आम्ही व्यापारी काय करतो? एकेक कांदा बघत बसतो का? वरचे दोन-चार बघायचे, हात खुपसून मधले काढायचे, जमलं तर तळातले, की लगेच बोली! पुस्तकालाही तोच न्याय लावला. थोडी पानं पहिली, थोडी मधली, थोडी शेवटची. झालं वाचून!

जेवताना मुग्धा विचारायची, "अण्णा, कसं वाटलं पुस्तक?"

"सुरुवात चांगली भरीव आहे," मी म्हणायचो. "मध्ये जरा ओल धरलीय. पण शेवट टिकाऊ!"

मुग्धा थक्क! "किती वेगळं बोलता हो तुम्ही! समीक्षकांना जमणार नाही असं."

माझी बायको लासलगावशेजारच्या विंचूरची. ती ताटात भाकरी टाकता टाकता म्हणायची, "आमच्या ह्यांचं वाचन लय झटपट हाय बाई!" मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज तुमच्यासमोर ताठ मानेने बसलो असतो. पण मुग्धाने आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये वाचनकट्टा सुरू केला आणि पहिल्याच कार्यक्रमाला चक्क एका लेखिकाबाईंना बोलावलं. त्यांच्याच पुस्तकावर आमच्यातले जोशी सर बोलणार होते. ऐन सकाळी सरांचा घसा बसला!

मुग्धा रडकुंडीला आली. "अण्णा, आता तुम्हीच बोला. तुमचं हे पुस्तक वाचून झालंय ना? हा कार्यक्रम फसला तर परत कोणी कट्ट्याकडे फिरकायचं नाही. तुमच्या भरवशावर आहे मी."

पोरीच्या डोळ्यांत पाणी. कोण नाही म्हणेल?

"तू काळजीच करू नको," मी म्हणालो.

बायको मागून म्हणाली, "अहो, पुरं वाचलंय ना?"

"व्यापाऱ्याला माल कळतो!" असं म्हणून मी इस्त्रीचा सदरा चढवला.

हॉल भरलेला. लेखिकाबाई पहिल्या रांगेत, शांत, चष्म्यातून माझ्याकडे बघतायत. मी घसा खाकरला आणि सुटलो.

म्हटलं, "काय ही कादंबरी! सुरुवातीला बाबूराव पैलवान रुसून घर सोडतो. मध्ये बघावं तर त्याची बायको मालतीबाई, नर्स आहे बिचारी, उतारवयात सायकल शिकतेय. कशासाठी? तर नवऱ्याला शोधायला! आणि शेवटी एक म्हातारा माळावर एकटाच शेळीशी गप्पा मारतोय. मंडळी, तो म्हातारा म्हणजेच बाबूराव!"

टाळ्या! अहो, खरंच टाळ्या पडल्या!

लेखिकाबाईंच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, बाई भारावल्या. मागे दाराशी मुग्धा दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, मागे ऐकू जात नाही. मी आवाज वाढवला!

तेवढ्यात देशपांडे काकू उठल्या. "मला तर वाटतं, ती शेळी म्हणजे मालतीबाईंचा आत्मा आहे."

"अगदी!" पगार साहेब म्हणाले. "म्हणून तर ती चारा खात नाही. विरह!"

काकू आणि साहेबांनी पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी मला काय चेव आला म्हणता! मी म्हणालो, "बाई, एकच विनंती. मालतीबाई वारल्या तो प्रसंग जरा घाईत उरकलाय. तेवढा पुढच्या आवृत्तीत वाढवा."

लेखिकाबाई उठल्या. फार गोड आवाजात म्हणाल्या, "अण्णा, ही कादंबरी नाही. कथासंग्रह आहे. त्या तीन वेगवेगळ्या कथा आहेत. बाबूराव आणि मालतीबाई एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत."

अहो, कथांची नावं बघितली होती मी, पण ती मला धड्यांची वाटली!

"मग शेळी?" काकूंनी हळूच विचारलं.

"शेळी ही शेळीच आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू आवरेना. मग सगळा हॉल असा हसला की विचारू नका. बाई म्हणाल्या, इतका रंगलेला कार्यक्रम त्यांनी पाहिला नव्हता. पुढच्या वेळी तर बसायला खुर्च्या पुरल्या नाहीत! कट्टा वाचला. माझं काय झालं ते विचारा.

घरी येताना बायको म्हणाली, "जन्मभर लोकांच्या ट्रॉल्या खळ्यावर उलट्या करून बघितल्या. आज तुमचीच ट्रॉली उलटी झाली. वरचा थर झकास, खाली सगळा बारका कांदा, गोल्टी!"

मुग्धाने घरी येऊन नेहमीसारखं माझं ताट वाढलं. ती रागावली असती तर परवडलं असतं. तिने मला लोकांसमोर मोठं केलं होतं आणि मी तिला तोंडघशी पाडलं, हे मला खरंच लागलं. मी तिला शब्द दिला, की आता प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार.

आणि वाचलं! परवाचं पुस्तक अख्खं वाचलं, एकही ओळ न सोडता, धडा संपला की पाणी पिऊन पुढचा. म्हटलं, एकदा फसलो, आता धड्याला कथा म्हणायला आपण शिकलो. कट्ट्यावर स्वतःहून हात वर केला. मुग्धा कौतुकाने बघत होती.

म्हणालो, "सगळ्या कथा उत्तम आहेत. एकच गोष्ट खटकली. लेखकाला नावं सुचत नाहीत वाटतं. प्रत्येक कथेत बाईचं नाव आपलं सुमनच!"

मुग्धाने कपाळावर हात मारला. या वेळी कादंबरी होती.