विलासचा साठचा बल्ब

शुक्रवारी एमआयडीसीत लाइट नसते, म्हणून विलासचा फोन हमखास शुक्रवारी यायचा. त्या शुक्रवारी फोन आला तो माधुरीवहिनींचा. "भावजी, हे गेले... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. डोंबिवलीत त्याचं लेथचं वर्कशॉप, कल्याणात माझा कॉम्प्युटर क्लास. केसभर फरक त्याच्या बोटांना कळायचा आणि शहाणपण मात्र मी त्याला शिकवायचो. काम देणाऱ्या कंपनीने अट घातली, की मशीन कॉम्प्युटरवर चालणारं हवं आणि ते चालू आहे की बंद, हे कंपनीतल्या स्क्रीनवर सतत दिसायला हवं. तो कचरत होता. "अरे, इथे लाइटचा भरवसा नाही आणि तू मला अमेरिकेच्या गोष्टी सांगतोस," म्हणाला. मीच हट्टाने त्याला तयार केलं. स्क्रीनची जोडणीही मीच करून दिली.

मशीन देखणं होतं. पण दुपारी आजूबाजूचे कारखाने भरात आले की वीज मंदावायची, मशीन अडखळायचं आणि कापला जाणारा तुकडा वाया जायचा. स्टॅबिलायझर लावला, तो जळला. शेवटी विलासने मशीनवर साठ वॅटचा एक साधा बल्ब टांगला. तो पिवळा पडू लागला की हातातला चहा खाली ठेवून हा आधी मशीन थांबवायचा. उजेड नीट झाला की पुन्हा सुरू. त्यानंतर एकही तुकडा बिघडला नाही... इतकं हुशार काम माझ्या क्लासमध्ये कधी कुणी केलं नाही, मीसुद्धा नाही.

कंपनीच्या स्क्रीनवर मात्र त्याचं प्रत्येक थांबणं लाल रंगात उमटत होतं. बल्ब तिथे दिसत नव्हता. मशीन वारंवार बंद असतं, म्हणून त्यांनी काम काढून घेतलं. मी पत्रांवर पत्रं लिहिली, उत्तरं आली ती ठरावीक छापाची. विलास माझ्यावर कधी चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. एकदाच म्हणाला, "तू लाल रंग पाठवलास रे, कारण पाठवायचं राहिलं." वर्कशॉप विकल्यावर दोन वर्षं तो कोपरच्या घरी नुसता बसून होता.

परवा वहिनींना भेटायला गेलो. वर्कशॉपमधून आणलेला तो बल्ब विलासच्या खुर्चीवर टांगलेला होता. "हा पिवळा पडला की यांचा हात पुढे जायचा," वहिनी सांगत होत्या, "अगदी शेवटपर्यंत."

तेवढ्यात बल्ब मंदावला. माझा हात आपोआप पुढे झाला... थांबवायला समोर काहीच नव्हतं.