पडद्यावरचा मवाली

हसा, खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. चहा सांडला तर मी जबाबदार नाही! आपण मूर्ख आहोत ही बातमी माणसाला सहसा बायकोकडून कळते. मला ती टीव्हीवरून कळली. तीही भरल्या मंडपात!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अंधेरीला राहायचो आणि मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. रंगीत टीव्हीचं वेड घराघरात शिरलं होतं. पार्ल्याला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्रदर्शन भरलंय असं कळलं, म्हणून रविवारी बायकोला, वसुधाला, घेऊन निघालो. घ्यायचं काहीच नव्हतं. पण बघायला काय जातंय?

आत शिरलो आणि तोंडाचा आ मिटेना! खुर्चीतून न उठता टीव्हीचा आवाज कमीजास्त करणारा रिमोट काय, बिनवायरचा फोन काय! तो फोन उचलून मी खालून, वरून, टेबलाच्या मागून वायर शोधली. शेवटी विकणारी मुलगीच म्हणाली, "नाहीच आहे हो काका!" (काका! मी अजून चाळिशीलाही पोचलो नव्हतो.) आणि एका पेटीत तर जाळाशिवाय पाणी उकळत होतं!

वसुधा म्हणाली, "अहो, म्हणजे रॉकेलची रांग गेली?"

पुढच्या स्टॉलवर गर्दी होती. बघतो तर टेबलावर एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. म्हटलं, रंगीतच्या जमान्यात हा डबा कशाला मांडलाय? आणि चित्र तरी काय, तर माणसांच्या पाठी! नुसत्या पाठी! मला वाटलं, कुठला तरी आर्ट पिक्चर लावलाय.

मी बघत उभा राहिलो. वसुधा माझ्या बाजूलाच होती, पण तिचं तोंड शेजारच्या टेबलाकडे. तिथे मिक्सरमध्ये ओलं खोबरं वाटून दाखवत होते. कोकणातली बाई ती, खोबरं सोडून हलतेय कशाला!

आणि एकदम मला पडद्यावर वसुधा दिसली. पाठमोरी! मीच आणलेली मोठ्या ठिपक्यांची साडी, अंबाड्यावर गजरा. च्यायला, म्हणजे कॅमेरा आपल्याच मागे कुठेतरी टांगलाय तर! झकास!

इथपर्यंत माझं डोकं बरोबर चाललं होतं. पुढे ते का थांबलं, देव जाणे.

कारण वसुधाला अगदी खेटून एक माणूस उभा होता. मागे पुरीएवढं टक्कल, पँटच्या पट्ट्यावरून दोन्ही बाजूंनी ओघळलेली चरबी. मी गर्रकन वळून बघितलं. तसा माणूस कुठेच नाही! मागे एक म्हातारं जोडपं तेवढं उभं होतं. पुन्हा पडद्याकडे बघितलं, तर हा बाबा हजर!

"अगं, जरा इकडे सरक," मी हळूच म्हणालो.

"का हो?"

"सांगतो मग. आधी सरक तू!"

पण खोबऱ्यापुढे तिला काही ऐकू येईना. शेवटी मी तिचा दंड धरून तिला ओढलं. आणि पडद्यावर बघतो तर काय, त्या मवाल्याने वसुधाचा दंड धरलेला! नवऱ्याच्या डोळ्यांदेखत!

सांगा, तुम्ही गप्प बसला असतात?

"रे मेल्या! हात सोड तिचा!" मी ओरडलो आणि मूठ उगारली. तर त्यानेही मूठ उगारली! चोर तो चोर, वर शिरजोर!

स्टॉलवाले गृहस्थ धावत आले. "काय झालं साहेब?"

"काय झालं काय? तो टकल्या बघा! माझ्या बायकोच्या अंगचटीला येतोय! पोलिसांना बोलवा!"

झालं! गर्दी तापली. "कुठाय? कुठाय?" करत दोघंतिघं पुढे सरसावले. एक चांगला आडदांड गडी बाह्या वर करत म्हणाला, "तुम्ही फक्त दाखवा यार, त्याची वाट लावतो."

मी पडद्यावर बोट टेकवलं. "हा! हा बघा!"

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत पडद्याकडे. आडदांड गड्याने बाह्या हळूहळू खाली केल्या.

"साहेब," स्टॉलवाले फार हळू आवाजात म्हणाले, "जरा डोक्याला मागून हात लावता का?"

"कोणाच्या?"

"तुमच्याच."

लावला. पडद्यावर मवाल्यानेही लावला. आणि माझ्या बोटांना... काय सांगू हो! जिथे केस असायला हवे होते, तिथे गुळगुळीत मैदान! रोज आरशात भांग पाडताना समोरचा कोंबडा तेवढा मला दिसायचा. मागे एवढं रान उजाड झालंय याचा पत्ताच नव्हता.

मंडप असा हसला, असा हसला की मिक्सरसुद्धा बंद केला त्यांनी. आडदांड गड्याने मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. आमच्या वडलांचेपण मागूनच गेले."

मी वसुधाला घेऊन जो निघालो तो थेट रस्त्यावर! ती पदर तोंडात कोंबून चालत होती. खांदे नुसते गदगदत होते.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"दोनतीन वर्षं झाली की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय उगवणार होतं?" मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण काय हो, माझ्यासाठी एवढं भांडता तुम्ही? मला ठाऊकच नव्हतं."

खरं सांगतो, तेवढ्यावर मी निम्मं दुःख विसरलो. पण राहवेना. विचारलं, "बरं, हे टकलाचं आणखी कोणाकोणाला माहितीये?"

तिने अगदी मनापासून विचार केला.

"तुमच्या समोर उभे राहतात ते सोडून सगळ्यांना."

बस आली. चांगली रिकामी होती, पुढे खिडकीची जागासुद्धा होती. मी गपचूप जाऊन शेवटच्या बाकावर बसलो.