बाबांना दिलेला जाड गळ

रबरी आमिषाची नवी पुडी फोडली की बडीशेपेसारखा वास येतो आणि मला इथे परदेशात, आमच्या क्रेगीबर्न उपनगराजवळच्या तळ्यावरची ती सकाळ आठवते. सासरे मालवणहून आले होते. आयुष्यभर खाडीत गळ टाकलेला माणूस. "पुणेकर मासा फक्त ताटात ओळखतो," असं ते मला सगळ्यांसमोर चिडवायचे. जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, मात्र त्यांना नवा होता आणि मला पाठ होता. हिवाळ्यात रेडफिन मासा आमिष नुसतं चाखून सोडतो, म्हणून बारीक तारेचा लहान गळच लागतो. तो मी स्वतःला लावला आणि त्यांना सर्वांत जाड दिला. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला. "जावईबापू, जरा दांडगा नाही वाटत?" "इथले मासे मोठे असतात, बाबा," मी बेधडक म्हणालो. गवतावर दव गोठलं होतं, पाण्यावरून वाफ उठत होती. दुपारपर्यंत मी अकरा मासे काढले. त्यांच्या दोरीला हिसका बसायचा, पण मासा अडकायचा नाही. शेवटी ते म्हणाले, "हात गेला माझा. म्हातारा झालो." मी माझा बारीक गळ काढून डबीत टाकला आणि झाकण लावलं. घरी त्यांनीच माझे मासे साफ केले आणि सासूबाईंना फोनवर कौतुकाने सांगितलं, "जावई माझ्यापेक्षा सरस निघाला गो!" गावी परतल्यावर त्यांनी आपले सगळे गळ शेजाऱ्याला देऊन टाकले. बायको म्हणते, बाबांना कंटाळा आला असेल. तसं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तो जाड गळ मी मुद्दाम दिला होता, हे या रविवारी फोनवर मी त्यांना सांगणार आहे.