परत येणार का, एवढंच विचारतात

व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. ते स्वतःच जिना चढून येतात, खुर्ची ओढून बसतात आणि आधी पाणी मागतात. लग्नाकार्यात कोणी भेटलं की मला पहिला प्रश्न हाच, “काय गं पल्लवी, नवीन काय?” मग जेवणाची पंगत उठते, पण माझं संपत नाही.

आमचं ऑफिस पनवेलच्या बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. मालक सॅमसन अंकल. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. शनिवारी ऑफिस बंद. बाकीचे दिवस आम्ही दोघं, एक कुरकुरणारा पंखा, आणि कुठे ना कुठे जायचं असलेली माणसं.

*

विमानतळासाठी ज्यांची गावं उठली, त्यातल्या एका गावचे तात्या आले. मुलगी कॅनडात, तिला बाळ झालेलं. नातवाला बघायला जायचं होतं.

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो. मी तो सोपा करून विचारला, “तात्या, याआधी कुठून तुम्हाला बाहेर काढलंय का?”

तात्यांनी बराच विचार केला. “देशातून नाय. गावातून काढलाय. लिवायचा का?”

“नाही हो तात्या, ते इथे चालत नाही.”

“मंग नको लिवू. पन त्यांना सांग, आमाला सवय हाय. निघा बोलले का आमी निघतो!”

व्हिसा मिळाला. आधी दिल्लीला जाऊन पुढे कॅनडा, असा प्रवास. निघायच्या दिवशी नव्या विमानतळावरून त्यांचा फोन आला. “पोरी, आमची विहीर व्हती ना, तितंच कुटंतरी बसलोय बग. एसी हाय.”

मी म्हटलं, “मग छान की!”

“हां,” तात्या म्हणाले, “पन पानी बाटलीतला हाय.”

*

गुरमीतच्या वडिलांचं कळंबोलीला ट्रक टर्मिनलजवळ टायरचं दुकान. पोरगा इथेच वाढला, मराठी आपल्यासारखंच बोलतो. एक दिवस येऊन म्हणाला, “अंकल, अमेरिकेला ट्रक चालवायला जायचंय. एजंट म्हणतो, दोन-तीन देश फिरून, मग जंगलातून चालत नेतो.”

अंकल असे भडकले, की खालचा भाजीवाला वर बघायला लागला. “जंगलातून चालायची एवढी हौस असेल तर माथेरानला जा! संध्याकाळी घरी तरी येशील!”

गुरमीत हसला, अंकलच्या पाया पडला आणि गेला. माथेरानला नाही, त्या एजंटबरोबर.

पुढच्या वर्षी जिन्यात पावलं वाजली. आधी मी त्याला ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, मनगटावर कसलेतरी वळ. सीमेवरच पकडला, कितीतरी दिवस कोठडीत ठेवला आणि विमानात बसवून परत पाठवला.

मी वेड्यासारखं विचारून बसले, “कशी आहे रे अमेरिका?”

“माहीत नाही ताई. खिडकी नव्हती.”

अंकलनी चहा मागवला. अर्धा कप झाल्यावर गुरमीत म्हणाला, “अंकल, तेव्हा तुम्ही ओरडलात. पण माझ्यासारख्याला जायचा सरळ रस्ता कुठला, ते सांगितलंच नाहीत.”

अंकल म्हणाले, “नव्हताच रे. म्हणून तर ओरडलो!”

*

देसाई काका आमचे गिऱ्हाईक नाहीत. ते रोज सकाळी पेपर वाचायला येतात, कारण घरचा पेपर त्यांना एकट्याने वाचवत नाही. बायको गेली, राहणं खांदा कॉलनीत. आयुष्यभर न्हावा शेवा बंदरात कंटेनर तपासण्याचं काम केलं. परवानगीशिवाय आलेल्या लोकांची बातमी पेपरात असली की पेपर टेबलावर आपटायचा, हा त्यांचा नियम.

“सील तुटलेला कंटेनर मी कधी सोडला नाही! माणूस का सोडायचा?”

“कंटेनरला भूक लागत नाही देसाई,” अंकल म्हणायचे. मग तासभर जुंपायची. काका म्हणायचे, “नियमच नसेल तर जो रांगेत उभा आहे तो मूर्खच ठरला ना?” यावर अंकल विषय बदलायचे, कारण अशा रांगेतल्यांचे फॉर्म तर आम्हीच भरत होतो.

काकांकडे स्वयंपाकाला सलमा यायची. कोलकात्याची, असं ती सांगायची. एकदा पोलीस तिच्या वस्तीत कागद तपासायला आले, तेव्हा ती सीमेपलीकडची निघाली. लहानपणी मावशीचा हात धरून आली होती, ती इथलीच झाली.

दुसऱ्या दिवशी काका पेपर वाचायला आले नाहीत. ते डबा घेऊन पोलीस स्टेशनला गेले होते.

हवालदाराने विचारलं, “काका, सोडवायला आलात?”

“नाही. कायदा बरोबर आहे. डबा द्यायला आलोय.”

सलमाने तिथेच एक घास खाल्ला आणि म्हणाली, “काका, डाळीत मीठ किती घातलंत!” मग हसता हसता रडायला लागली. “तिकडे मला कोण ओळखतं, काका?”

हे काकांनीच आम्हाला सांगितलं. तिला काय उत्तर दिलं ते मात्र सांगितलं नाही.

तिला परत पाठवलं. काका पुन्हा येऊ लागले. पेपर अजूनही आपटतात. “माझं मत बदललेलं नाही!” असं आपणहून, कोणी विचारलेलं नसताना सांगतात. फक्त मधूनच त्यांच्या मोबाइलवर एक लांबलचक नंबर वाजतो आणि ते घाईघाईने जिन्यात जातात. दार पुरतं लागत नाही, त्यामुळे आम्हाला ऐकू येतं.

“हां सलमा, बोल. मोहरी आधी की जिरं?”

*

अंकलची सगळी भावंडं इस्राएलला गेली. त्यांच्यासाठी तिथे दार उघडंच असतं, कागदाची मारामार नाही. एकटे अंकल इथे राहिले. का, म्हणून विचारलं की म्हणतात, “सगळेच गेले असते तर त्यांनी फोन कोणाला केला असता?”

मागे त्यांची थोरली बहीण आली, रिबेकाताई. जन्म पनवेलचा, शाळा पनवेलची. पण आता पासपोर्ट तिकडचा, म्हणून विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. काउंटरवरच्या साहेबाशी त्या घडाघडा बोलायला लागल्या, तसा तो चकित!

“मॅडम, मराठी कुठे शिकलात?”

“पनवेलला. तुम्ही?”

“लातूरला,” बिचारा म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

इथे त्या रोज चालत बाजारात जायच्या. ओल्या बोंबलाच्या टोपलीपाशी नुसत्या उभ्या राहायच्या. कोळीण म्हणायची, “बाय, घेनार हाय का वास घेनार हाय?” त्या म्हणायच्या, “आधी वास.”

जायचा दिवस जवळ आला तसं त्यांचं बोलणं कमी झालं. एका दुपारी आमच्या खिडकीत बसल्या होत्या. खाली भाजीवाल्यांची हाळी चाललेली. त्यांनी विचारलं, “सॅम, व्हिसा संपल्यावर राहिलं तर काय करतात रे?”

“हाकलून देतात.”

“कुठे?”

“ज्याच्या त्याच्या घरी.”

त्या खाली बाजाराकडे बघत राहिल्या. “मग मला रिक्षाने सोडतील का रे?”

अंकल मोठ्याने हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

रिबेकाताई वेळेत गेल्या. एक दिवससुद्धा जास्त राहिल्या नाहीत.

*

शोभाकाकू नवीन पनवेलच्या. त्यांचा एकुलता एक सुनील शिकायला अमेरिकेला गेला. शिक्षण अर्धवट सुटलं, व्हिसा संपला, पण तो तिथेच राहिला. एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करायचा. कागद नसलेल्याच एका मुलीशी लग्न केलं, ती आणखी कुठल्या देशातली. त्यांना मुलगी झाली, मीरा. ती तिथे जन्मली म्हणून तिथली. आईबाप मात्र कुठलेच नाहीत.

सुनील आईला भेटायला येऊ शकत नव्हता, कारण एकदा बाहेर पडला की पुन्हा आत घेणार नव्हते. मग काकूंनी स्वतः जायचं ठरवलं. कितीदा अर्ज केला! दर वेळी नकार. एकदा मुलाखतीत विचारलं, “तुमचा मुलगा भारतात परत का येत नाही?”

काकू म्हणाल्या, “तुम्ही त्याला पुन्हा तिकडे येऊ देणार नाही म्हणून!”

बाहेर आल्या त्या शिक्क्याशिवाय परत दिलेला पासपोर्ट पदरात गुंडाळूनच. अंकल म्हणाले, “काकू, खरं बोलावं, पण एवढं?”

काकूंनी सुनीलची खोली कधी भाड्याने दिली नाही. गादीला ऊन दाखवायच्या, चादर बदलायच्या. मला म्हणायच्या, “पल्लवी, एकदा तो दारात उभा राहू दे. मग मला काही नको.”

आणि तो उभा राहिला! कामाच्या ठिकाणी धाड पडली, सुनील सापडला आणि परत पाठवला गेला. काकू पेढे घेऊन आल्या. रडत होत्या, हसत होत्या, पेढा अंकलच्या तोंडात स्वतःच्या हाताने घातला. बायको-मुलीचं काय, हे विचारायला त्या दिवशी कोणाचीच जीभ रेटली नाही.

गणपती होऊन गेल्यावर काकू पुन्हा आल्या. हातात काही नव्हतं. चप्पल काढून कडेला बसल्या.

मी विचारलं, “सुनील कसा आहे?”

“बरा आहे. जेवतो, झोपतो. संध्याकाळी, तिकडे मीराच्या शाळेची वेळ झाली की गॅलरीत जातो. तिची आई तिची वेणी घालते, ती फोनवर बघतो. मग ती शाळेत जाते. हा तिथेच उभा.”

अंकल हळूच म्हणाले, “काकू, आता तुमचा अर्ज करून बघू या. नातीला भेटून याल. या वेळी होईलही.”

“माझा नको.”

“मग?”

“सुनीलला परत पाठवायचं बघा.”

अंकलनी हातातलं पेन खाली ठेवलं. “अहो काकू, एवढी वर्षं त्याची वाट बघितलीत तुम्ही!”

“म्हणूनच सांगते,” काकू म्हणाल्या.