पानावरची विडी

नोकरी संपून वर्षे लोटली, पण लालबागच्या त्या खोलीतला प्रसंग अजून मनातून जात नाही. खून-दरोडे पुष्कळ पाहिले, त्यातले निम्मे विसरलो. हा विसरता येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे दिवस होते. मी फौजदार होतो आणि बंदोबस्तातून डोके वर काढायला फुरसत नसे. अशात एका चाळीच्या मालकाचे मेहताजी ठाण्यात आले. भाडेवसुली त्यांच्याकडे होती. त्यांचे म्हणणे असे, की एक म्हातारा भाडेकरू शिमग्यापासून दिसलेला नाही आणि मुलगी म्हणते, तो गावी गेलाय.

"साहेब, खोलीसाठी पोरीनेच बापाचं बरंवाईट केलं असेल. तपास करा."

मेहताजींचा डोळा खोलीवर होता, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण माणूस बेपत्ता असेल तर तक्रार कोण करतोय हे बघून चालत नाही. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली आणि मी चाळीत गेलो.

शेजारी म्हणाला, "म्हातारा गिरणीतून रिटायर झाला नि सभांना लागला. शिवाजी पार्कला आमच्या आधी हजर. गावाला असता तरी बोट पकडून आला असता, साहेब. यंदा एका सभेला नाय दिसला." हे ऐकून मात्र मीही चरकलो.

मुलीला ठाण्यात बोलावले. चाळिशीची बाई. नवऱ्याने टाकल्यापासून बापाजवळ राहायची आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला जायची. काहीही विचारा, उत्तर एकच, "बाबा गावाक गेले हत." खोटे बोलणारा माणूस गोष्ट फुगवत नेतो, असा माझा अनुभव. ही त्या चार शब्दांपुढे जाईना. दरडावून पाहिले, समजावून पाहिले. शेवटी गावच्या पोलीस पाटलाकडे चौकशी पाठवली आणि दुपारी पंच घेऊन खोलीच्या झडतीला गेलो.

खोलीत संशयास्पद काही नव्हते. म्हाताऱ्याची टोपी खुंटीवर होती, तीही झटकून ठेवलेली. पितृपक्ष चालू होता. मागच्या गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलेले दिसले. मी सहज विचारले, "हे कोणासाठी?"

"आयेसाठी."

मी जवळ जाऊन पाहिले. भात, वडा, वर सुक्या बांगड्याचा तुकडा आणि पानाच्या कडेला एक विडी. मीही कोकणातलाच. गेलेल्या माणसाला जे आवडायचे ते पानावर ठेवतात, हे मला कोणी सांगायला नको होते.

"तुमची आई विडी ओढायची?"

"नाय. बाबा ओढत," ती म्हणाली. मग सगळे बाहेर आले. बाप शिमग्याला एकटाच गावी गेला आणि तापाने तिथेच वारला. गाववाल्याने गिरणीच्या दारात गाठून तिला सांगितले. तिने त्याला कोणाला न सांगण्याची शपथ घातली, आत जाऊन कामाची पाळी पुरी केली, संध्याकाळी नळावर बायकांत उभी राहून पाणी भरले. गावी गेली नाही, कारण गेली असती तर चाळीला कळले असते.

"मेहताजी दारात येऊन म्हणत, खोली बापाच्या नावावर, बापामागे मालकाची. कोणाक सांगला असता तर खोली गेली असती. मगे मी खंय जाव?"

भाडेकायदा आम्हा पोलिसांना तोंडपाठ नसे. पण खोल्यांची भांडणे सोडवून सोडवून एवढे ठाऊक झाले होते, की भाडेकरू वारला तर त्याच्याजवळ राहणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क राहतो. मी तिला तसे सांगितले. "मालकाला कळवायला हवं होतं, ते तुमचं काम. भाडं देत राहा. पण तुम्ही वडिलांजवळ राहत होतात, ही खोली तुमच्याकडून कोणी अशी काढून घेऊ शकत नाही."

तिला आनंद होईल असे मला वाटले होते.  पण ती हळू आवाजात म्हणाली, "मगे आता रडलंय तर चालात, सायबानू?"

 माझ्यासोबतचा म्हातारा हवालदार म्हणाला, "रड गे बाय." तिचा हंबरडा ऐकून चाळीतल्या बायका हातातली कामे टाकून धावत आल्या.

पुढे पोलीस पाटलाचे उत्तर आले. मृत्यू नैसर्गिक होता, प्रकरण मिटले. मेहताजींना बोलावून मी कायदा ऐकवला आणि भाड्याची पावती तिच्या नावाने करायला सांगितले. त्यांनी कुरकुर केली, पण पावती करून दिली. कायदा पहिल्यापासून त्या बाईच्या बाजूने होता. कोणाला विचारायचे तर बाप गेल्याचे सांगावे लागले असते, म्हणून तिने विचारलेच नाही. तिचे सुतक त्या भीतीने गिळले, याचे वाईट मला आजही वाटते.

त्यानंतर बदली होऊन जिथे जिथे गेलो, तिथे एक रिवाज ठेवला. चाळीत कोणी भाडेकरू वारल्याचे कळले आणि आम्हाला जावे लागले, की हवालदाराने आधी घरच्यांना सांगायचे, खोली जात नाही. जबाब नंतर घ्यायचा.